दौलूने वैरण पोचवली

उसाच्या एका गावात दौलू नावाचा एक भोळा होता. सांगितलेलं तंतोतंत ऐकायचा, तेवढाच काय तो दोष. घरात तानूआत्ती आणि एक म्हैस. घर म्हशीच्या दुधावर चालायचं, दौलूवर नाही.

ऊस तुटला की लोक रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवायचे. त्यानं हवा किती बिघडते, याचा अंदाज घ्यायला कृषी कॉलेजच्या मॅडम आल्या. हाताखाली दौलूला घेतलं. म्हणाल्या, "आज धूर मोजायचाय."

दौलूने धुरात पोतं धरलं, त्याचं तोंड आवळलं आणि वजनकाट्याला टांगलं. "मॅडम, धूर बरोब्बर पोत्याएवढाच भरतोय!"

"अरे, धूर पोत्यात राहतो का? आधी पाचटाचं वजन करायचं, जळल्यावर राखेचं. जेवढं उणं भरेल, तेवढं हवेत गेलं."

दौलूला पटलं.

संध्याकाळी आत्ती ओरडली, "दौल्या, म्हस कुठं हाय रं?"

दौलूने खुंट्याकडं पाहिलं. "सकाळी एक हुती. आता एक उणी. म्हंजे हवेत गेली."

"मुडद्या! काय हरवलं की गावभर इचारत हिंडावं!"

हेही पटलं.

सकाळी मॅडमनी त्याला जळालेल्या रानात धाडलं. तिथं पाचट कुठलं? दौलू गावभर ओरडत सुटला, "आमचं पाचट कुणी बघितलं का हो?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, राख मोज! एका कोपऱ्यातली मोजायची, त्यावरून सगळ्या रानाचा अंदाज बांधायचा."

हे तर फारच पटलं. दुपारी आत्तीने म्हैस हुडकायला माळावर पाठवलं, तर पठ्ठ्या एका कोपऱ्यात डोकावून परत. "त्या कोपऱ्यात न्हाई. म्हंजे कुठंच न्हाई."

आत्तीने डोळ्याला पदर लावला. "कालपासनं उपाशी असंल गं माझी बाय! तिच्या तोंडापातूर कुणी कडबा पोचवील, तर लई पुण्य लागंल." आणि ती स्वतःच हुडकायला निघाली.

दौलूला भडभडून आलं. म्हैस हवेत. घरामागच्या परड्यात कडब्याची गंजी, वर्षाची वैरण. आणि हवेत कसं पोचवायचं, हे घरात त्याला एकट्यालाच ठाऊक! त्याने पेंढीन् पेंढी काट्याला लावली. गंजी पेटवली. मग राख तोलली. पुष्कळ उणं भरलं. त्याला समाधान वाटलं.

दिवेलागणीला आत्ती परतली. मागं दाव्याला म्हैस. ओढ्यात डुंबत बसली होती. परड्यातला राखेचा ढीग बघून आत्तीने हंबरडा फोडला.

दौलू मात्र म्हशीवरच खेकसला, "आत्ता खाली आलीस व्हय गं? तुझी समदी वैरण मी वर धाडली की!"