पाडव्याला काळवंडणाऱ्या भिंती

फार फार वर्षांपूर्वी, एका आटपाट पेठेत धोंडशेट नावाचा घरमालक राहत होता. घरात तो, त्याचा मुलगा आणि सून गोजरा. पेठेत त्याच्या मातीच्या दहा खोल्या होत्या. कासार, विणकर, तेली अशी कष्टाची माणसं तिथं भाड्यानं राहत. भाडं धान्यात येई, आणि त्या धान्यावरच शेटची चूल पेटे.

शेटची एक रीत होती, बरं का. दर गुढीपाडव्याला काठी टेकत तो खोल्या बघायला निघे. भिंत पांढरी, जमीन सारवलेली दिसली की दारात थांबे. "तुमचं बरं चाललंय की!" असं म्हणे आणि भाडं एका पायलीनं वाढवी. पोपडे पडलेले दिसले की नाक मुरडून पुढं जाई.

अशी वर्षं गेली. भिंती फुगल्या, छपरं वाकली. एका पावसाळ्यात दोन खोल्या बसल्या. तिथली माणसं गाठोडी बांधून दुसऱ्या गावी गेली. बाकीचेही जायच्या गोष्टी करू लागले.

"माणसंच नाठाळ, दुसरं काय!" शेट चरफडे.

पाडवा दोन दिवसांवर आला. गोजरा सूप परत द्यायला बयाक्का कासारणीकडे गेली. बघते तर काय, बयाक्का तव्याची काजळी आपल्याच भिंतीला फासत होती.

"अगं बयाक्का, दिवाळीला तूच ना हिला चुना लावलास?"

"लावला की! पण आता पाडवा आला, वहिनी. तुमचे मामंजी भिंत बघून भाडं वाढवतात. चुना महाग पडतो, काजळी फुकट मिळते."

गोजराला हसू फुटलं. पण घरी येता येता ते मावळलं. असंच चाललं, तर आणखी दोन पावसाळ्यांत एकही खोली उरणार नव्हती. मग खायचं काय?

"मामंजी," ती म्हणाली, "आपल्या भिंती कोण पाडतंय ते कळलं."

"कोण तो? नाव सांग, आत्ता बाहेर काढतो!"

"तुम्हीच."

शेटनं काठी आपटली, तरी गोजरा बोलतच राहिली.

"नीट राहील त्याला आपण दंड करतो, मोडून ठेवील त्याला सोडतो. मग माणसं मोडतील नाहीतर काय करतील?"

"म्हणजे भाडं सोडून देऊ?"

"एक पायली सोडा, मामंजी. खोली पडली तर सगळंच जाईल."

दोन दिवस शेट पडलेल्या खोल्यांपाशी चकरा मारत राहिला. पाडव्याला मात्र प्रत्येक दारात उभं राहून म्हणाला, "यंदा भाडं वाढणार नाही. पुढल्या पाडव्याला ज्याची खोली धड दिसेल, त्याची एक पायली कमी."

"शेट, ऊन तर नाही ना लागलं?" बयाक्कानं विचारलं. पण संध्याकाळपर्यंत तिची भिंत धुऊन झाली होती.

मग गोजरानं कौलं विकणाऱ्या गेनू कुंभाराला बोलावलं. आजवर त्याला नगावर धान्य मिळे, म्हणून तो घाईनं पातळ कौलं थापी.

"गेनूदादा, अर्धं धान्य आज घ्या. उरलेलं पावसाळ्यानंतर, जी कौलं शाबूत राहतील त्यांचं. आणि शंभरात पाचसुद्धा फुटली नाहीत, तर वर एक लुगडं."

गेनूनं डोकं खाजवलं. "मग माती जरा जास्त मळावी लागेल, वहिनी," तो हसून म्हणाला.

वर्ष गेलं. दारादारांत चुना लागला, पडवीला टेकू बसले. तेल्यानं तर न सांगता मागची भिंत बांधून काढली. शेटनं बोलल्याप्रमाणे पायली कमी केली. गेनूची बायको नवं लुगडं नेसून पेठेत मिरवली.

पुढच्या श्रावणात अकरा दिवस पाऊस खळला नाही. पेठेतली कितीतरी घरं बसली. धोंडशेटच्या आठही खोल्या उभ्या राहिल्या. गेलेले भाडेकरू परत आले आणि पडलेल्या दोन खोल्या त्यांनीच हातभार लावून उभ्या केल्या. पुढं दहाच्या पंधरा झाल्या. घरातल्या कणग्या भरल्या, आणि शेट जो येईल त्याला कौतुकानं सांगू लागला, "हे सगळं आमच्या सूनबाईचं." असं त्यांचं घर भरलं, तसं ऐकणाऱ्यांचंही भरावं.

ज्या चांगुलपणाला आपण दंड लावतो तो लपून बसतो, आणि ज्याचा मान ठेवतो तो वाढत जातो.