आधी ओ, मग नाव

फार पुढं जाऊ नका, कडा निसरडा आहे. इथं कातळावर बसा. समोर धुक्यातून अधूनमधून झाडं दिसतात ना, ती उंबरवाडी. आपण बसलोय ती सावरवाडी. मधली दरी काळओढ्याची. मघाशी वाट चुकून तुम्ही हाक मारलीत, तेव्हा दोन्हीकडून माणसं ओरडली आणि तुम्ही दचकलात. आमच्याकडं तशी रीतच आहे. दरीतून हाक आली की आधी ओ द्यायची आणि धावायचं. नाव-गाव माणूस वर आल्यावर विचारायचं. ही रीत कशी पडली ते आमचे जुने लोक सांगायचे, तसंच सांगतो.

फार मागं दोन्ही वाड्यांचा देव एक होता, पालखीही एक होती. एका शिमग्याला पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून तंटा झाला आणि डोकी फुटली. सावरवाडीचा कारभारी सुभाना, त्याच्या भावाचा हात त्यात कायमचा अधू झाला असं सांगतात. त्या रागात सुभानानं देवळात भंडारा उचलला आणि सगळ्या वाडीला शपथ घातली. पलीकडच्याला विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. उंबरवाडीनंही तीच शपथ घेतली. ओढ्यावरचा लाकडी साकव मग दोन्हीकडच्या माणसांनी तोडला. त्या वर्षात दोन्ही वाड्यांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम, म्हणे.

सुभानाची लेक सगुणा उंबरवाडीत दिली होती. नवऱ्याचं नाव केरबा. शपथ झाली आणि तिचं माहेर दरीपलीकडं राहिलं. शेण्या थापायला कड्याकडं आली की समोरच्या अंगणात आई दिसते का, ते ती बघायची. आई हौसाबाईही बघायची. हात मात्र दोघींपैकी कुणी हलवायचं नाही. आजूबाजूला बघणारे असायचे.

भादव्यात हौसाबाई तापानं अंथरुणाला खिळली. दोन्हीकडं मेंढरं चारणाऱ्या एका धनगरानं ते सगुणाच्या कानावर घातलं. तिनं नवऱ्याला विचारलं. केरबा आधी नको म्हणाला, मग तिचं तोंड बघून म्हणाला, "जा. पन कुनाला दिसू नगं." आणि तो गुरं घेऊन पठारावर गेला. सगुणानं पदराला सुंठ आणि गुळाचा खडा बांधला आणि धुक्याचा आडोसा घेऊन जुन्या वाटेनं दरीत उतरली.

ओढ्यातल्या दगडावरून तिचा पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. कशीबशी सरपटत ती एका मोठ्या धोंड्यावर चढली. पाऊस लागला होता, अंगात हुडहुडी भरली होती. तिनं हाक मारली.

ती हाक दोन्ही वाड्यांत गेली. दरीत आवाज घुमतो, फुटतो, कुणाचा ते कळत नाही. उंबरवाडीला वाटलं, पलीकडची कुणीतरी आहे. सावरवाडीलाही तेच वाटलं. माणसं दोन्ही कड्यांवर येऊन उभी राहिली. शेवटी सुभानानं ओरडून विचारलं, "कोन हाय? कुठल्या वाडीची?"

खालून आवाज आला, "दोनी वाड्यांची!"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मानसाला एकच वाडी असती. ही दरीतली बाधा हाय." माणसं घरी गेली. दारं लावून घेतली.

घरात हौसाबाई अंथरुणातून उठली होती. "अवं, ही आपली सगू हाय."

"तापात तुला कायबी ऐकू येतंय," सुभाना म्हणाला. "दरीत समदे आवाज सारखेच."

"मला जाऊ द्या."

त्यानं तिचं मनगट धरून ठेवलं. हाक बराच वेळ येत राहिली, मग बारीक होत गेली. नंतर नुसता ओढा वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठलं. समोरच्या कड्यावर केरबा आला आणि शपथ बाजूला ठेवून त्यानं हाक मारली, "मामाऽऽ, ती पोचली का वो? आत्याबाईंचा ताप कसा हाय?"

सुभाना इथंच उभा होता. त्याच्या तोंडून फक्त "ओ" निघाली. "ओ, ओ" करतच तो काट्याकुट्यांतून दरीत घसरत गेला.

दोन्ही वाड्या खाली उतरल्या. सगुणा धोंड्याला टेकून बसलेली होती, अंग गार पडलेलं. गूळ पावसात विरघळून गेला होता, पदराच्या गाठीत सुंठ तेवढी होती. तिला तिथून उचलताना पहिला खांदा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

तिनं आपलं नाव का सांगितलं नाही, यावर लोक अजून बोलतात. कुणी म्हणतात, नाव कळल्यावर बापाला शपथ मोडावी लागली असती, म्हणून. हौसाबाई एवढंच म्हणाली, "आईबापाला नाव सांगावं लागतं, हे माज्या लेकीला ठावंच नव्हतं."

त्या तापातून हौसाबाई उठली, पण मरेपर्यंत नवऱ्याच्या हातचं पाणी प्याली नाही, असं सांगतात. सुभानानं दोन्हीकडचे पंच बोलावले आणि मला शिक्षा द्या म्हणून पागोटं त्यांच्या पायांशी ठेवलं. पंच खाली मान घालून बसले. हाक त्यांनीही ऐकली होती. तेव्हा हौसाबाई सगळ्यांच्या मधे येऊन उभी राहिली. म्हणाली, "भांडा तुमी. जलमभर भांडा. पन हाक आली की आदी ओ द्या. नाव मागनं इचारा."

तुम्हाला वाटेल, मग वाड्या एक झाल्या असतील. तसं काही झालं नाही. पालख्या दोन झाल्या त्या दोनच राहिल्या. सोयरीक परत जुळली नाही. आमच्यातली निम्मी माणसं अजून एकमेकांकडं बघून हसतसुद्धा नाहीत. पण आजही धुकं दरीत उतरलं की दोन्हीकडच्या बायका हातातलं काम टाकून कड्यावर येतात आणि कुणी हाक मारलेली नसली तरी एकदा ओ देतात. खाली कुणी नाही, हे त्यांना ठाऊक असतं. तरी थोडा वेळ कान देऊन उभ्या राहतात. मग घरी जातात.