झोळीतला दुधी

एकदा एका इमारतीच्या गच्चीवर एक दुधी भोपळा धरला, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात भाजी काही शिजेना.

त्या घरातल्या तरुणाने आषाढात प्रतिज्ञा केली होती की, फवारणी केलेली बाजारची भाजी यापुढे उंबरठा ओलांडणार नाही. गच्चीवर जे पिकेल तेच खायचे. गच्चीवर कुंड्या आल्या, माती आली, मांडव उभा राहिला. पिकला मात्र तो एक दुधी, आणि तो कापायला तरुण तयार नव्हता. त्यामुळे घरात आमटी, पिठले, उसळ आणि पुन्हा आमटी अशी प्रदक्षिणा सुरू झाली.

"क्रांती होऊ दे रे," त्याची आई म्हणे, "पण मधे एखादी मेथीची जुडी येऊ दे."

"आई, तत्त्वाला सुट्टी नसते."

"तत्त्वाला नसेल. माझ्या पोटाला आहे."

तळमजल्यावर एक वृद्ध निवृत्त मुख्याध्यापिका राहत. अख्खी इमारत त्यांना 'बाई' म्हणत असे. मागच्या चिंचोळ्या परसात त्या वर्षानुवर्षे भाज्या लावत आणि त्यांच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात दरवळत असे. तरुणाने त्यांना गुरू मानले होते. त्यांनी त्याला शिष्य मानले होते की नाही, हे कोणी विचारले नव्हते.

गच्चीच्या बरोबर खाली धान्याचे एक व्यापारी राहत. त्यांना सगळे 'शेठ' म्हणत. सोसायटीचे अध्यक्षही तेच. त्यांच्या दिवाणखान्याच्या छताला ओल आली होती आणि तिचा डाग दिवसेंदिवस नकाशासारखा पसरत होता. सोसायटीच्या सभेत शेठ उभे राहिले.

"माझ्या डोक्यावर तळं साचलंय," ते म्हणाले. "तेही सोसतो. पण एवढी माती, एवढं पाणी, एवढी भाषणं, आणि आजवर या इमारतीतल्या कोणाला त्या बागेतला एक देठसुद्धा मिळालेला नाही. ती बाग कोणासाठी आहे?"

तरुणाने जमिनीचे आरोग्य, पुढच्या पिढ्या आणि स्वावलंबन यांवर बोलायला सुरुवात केली. शेठनी हात वर केला.

"ते सगळं मान्य. महिन्याभराने सोसायटीचा वर्धापनदिन आहे. बारा बिऱ्हाडांचं जेवण आहे. त्या दिवशी तुझ्या बागेची भाजी सगळ्या पंगतीला पुरली, तर बाग राहील. नाही पुरली, तर कुंड्या खाली."

"पुरेल, शेठ," शिष्य म्हणाला. "उरेल."

त्याच्या मनात तो दुधी होता. दुधी तेव्हाच हातभर झाला होता आणि वाढतच होता. वजनाने देठ तुटू नये म्हणून शिष्याने आईच्या जुन्या पातळाची झोळी शिवून ती मांडवाला टांगली आणि दुधी तिच्यात अलगद निजवला. मग बघणारे येऊ लागले. कोणी विचारी, "बारसं कधी?" कोणी त्याच्या देठाला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधून गेले. शिष्य अंधश्रद्धेचा कडवा विरोधक होता. पण तो दोरा त्याने राहू दिला.

रोज सकाळी तो दुधीचा फोटो काढी आणि संध्याकाळी येणाऱ्यांना त्याची माहिती सांगे. वेलावर रोज नवी पांढरी फुले उमलत. काही फुलांच्या मागे बोटाएवढे दुधी असत. ते दोन दिवस राहत, पिवळे पडत आणि गळून पडत. शिष्य ते पायाने कोपऱ्यात सारी. त्याचे लक्ष वर असे.

बाईंचे गुडघे दुखत, तरी एखाद्या संध्याकाळी त्या गच्चीवर फेरी मारायला येत. एकदा त्यांनी दुधीवर बोट वाजवून पाहिले.

"राजा, हा आता काढ," त्या म्हणाल्या.

"बाई, जरा ही झोळी एवढी धरता का? बाजूने फोटो घेतो."

बाईंनी झोळी धरली. फोटो निघाला. त्या खाली गेल्या.

पुढच्या रविवारी सकाळी शिष्य गच्चीवर चार शेजाऱ्यांना समजावून सांगत होता की, याच गतीने वाढला तर हा एकच दुधी सबंध पंगतीला पुरेल. शेठही हातात चहाचा कप घेऊन आले होते. तेवढ्यात बाई जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम खात वर पोचल्या. त्यांनी कमरेला खोचलेली सुरी काढली, कोणाला काही कळायच्या आत दुधीचा देठ कापला आणि काळा दोरा सोडवून शिष्याच्या हातात दिला.

दुधी झोळीत धपकन बसला.

"आज शिजव," बाई म्हणाल्या, "आणि एक वाटी मला पाठव." मग कठडा धरून त्या पायऱ्या उतरू लागल्या.

शेठनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे पंगतीची भाजी आजच संपली म्हणायची. कुंड्या उतरवायला माणसं मी सांगून ठेवू का?"

शिष्याच्या रागाला सीमा राहिली नाही. त्याने दुधी खांद्यावर घेतला आणि घरी नेऊन ओट्यावर आपटला. ओटा हादरला. दुधीला काही झाले नाही. सुरी आत गेली ती बाहेर येईना. सालकाढण्याने साल निघेना. शेवटी आईने पाट्यावरचा वरवंटा आणला आणि सुरीवर घाव घातला, तेव्हा दोन फाका झाल्या. आत पांढरा कापूस होता आणि दातांसारख्या घट्ट बसलेल्या बिया होत्या.

"भाजी करायची आहे की दरवाजा?" आईने विचारले.

कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. शेजारच्यांनी येऊन विचारले की, आज मटण आहे का. अखेर भाजी ताटात आली. शिष्याने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. आई त्याच्याकडे बघत होती.

"कशी झालीय?" तिने विचारले.

त्याने काहीतरी उत्तर दिले. पण घास अजून तोंडातच असल्यामुळे ते समजले नाही.

हाच दुधी तो पंगतीला वाढणार होता, हे त्याच्या ध्यानात आले. पण राग अजून उतरला नव्हता. त्याने वाटीभर भाजी काढली आणि आईकडे दिली. "नेऊन दे त्यांना. खाऊ देत."

थोड्या वेळाने आई वाटी घेऊन परतली. वाटीवर ताटली झाकलेली होती. शिष्याने ताटली उचलली. वाटीत सुकलेले, काळपटलेले, बोटाएवढे दुधी काठोकाठ भरले होते. काहींच्या टोकाला वाळलेले फूल अजून चिकटलेले होते.

तो वाटी घेऊन तसाच खाली गेला. बाई परसाच्या पायरीवर बसून गवार मोडत होत्या.

"बाई, ही थट्टा आहे का?"

"रिकामी वाटी परत पाठवू नये, म्हणून भरली."

"पण हे काय आहे?"

"तुझी पंगत," बाई म्हणाल्या. "तुझ्या वेलाखाली पडलेली असायची. मी येता-जाता वेचून ठेवली. तू वर बघत असायचास."

शिष्य वाटीकडे पाहत राहिला. बाईंनी गवारीची एक शीर ओढून काढली.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "वेलाला जगात एकच काम ठाऊक असतं, बी धरायचं. एक फळ जून व्हायला लागलं की तो समजतो, झालं आपलं. मग तो सगळा रस त्या एकाला पाजतो आणि बाकीची पोरं उपाशी टाकतो. तेच फळ कोवळं असताना काढून घेतलं, तर त्याला वाटतं, काम अजून राहिलंय. आणि तो पुन्हा धरतो. काढणारा हात थांबला की वेलही थांबतो, राजा. तुझा हात फोटो काढण्यात गुंतला होता."

"पण बियाण्यासाठी लोक एक फळ वेलावर ठेवतातच ना?"

"ठेवतात की. कोणी तोडू नये म्हणून चिंधी बांधून ठेवतात. पण कधी? शेवटी. सगळे जेवून पंगत उठली, की मग. तू पंगत बसायच्या आधीच झोळी बांधलीस."

शिष्याने वाटीतला एक सुकलेला दुधी उचलून पाहिला. मग म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला वर आले होते. तू मला झोळी धरायला लावलीस."

त्यांनी त्याच्या हातातली वाटी घेतली, आतले दुधी परसातल्या खड्ड्यात ओतले, वाटी धुतली आणि तिच्यात मूठभर गवार घातली. "आईला दे. माझ्या परसातली आहे, बिनफवारणीची. तुझ्या तत्त्वाला धक्का लागत नाही."

त्या दिवशी त्या घरात फार दिवसांनी चावता येईल अशी भाजी झाली. आईने ती डोळे मिटून खाल्ली.

पुढचा आठवडा मात्र काही घडले नाही. शेठ रोज सकाळी कप घेऊन वर येत आणि विचारत, "काय, धरलं का काही?" शिष्य मान हलवी. मग एका सकाळी त्याला दिसले की, बोटाएवढा एक दुधी पिवळा पडलेला नाही. दुसऱ्या दिवशी तो दोन बोटांएवढा झाला होता, त्याच्या अंगावर कोवळी लव होती. त्याच्या शेजारी आणखी एक होता, मांडवाच्या पलीकडे आणखी दोन. वीतभर झाला की शिष्य काढू लागला. काढला की वेल दुसरा धरू लागला. पंगतीला अजून अवकाश होता, म्हणून हे पहिले दुधी घरात शिजले आणि वाट्या भरून शेजारी गेले. एक वाटी शेठकडेही गेली. ती रिकामी परत आली नाही. तिच्यात तीळ होते.

एकदा मोह झाला. एक दुधी इतका सरळ आणि तुकतुकीत होता, की शिष्याचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला. मागे आई उभी होती.

"काढ," ती म्हणाली. "नाहीतर बाईंना हाक मारते."

त्याने काढला.

वर्धापनदिनाच्या सकाळी शेवटच्या काही दिवसांचे सगळे दुधी बाईंच्या स्वयंपाकघरात मांडले, तेव्हा शिष्याचा चेहरा उतरला. दुधी कोवळे होते, सुंदर होते. पण बारा बिऱ्हाडांना पुरण्यासारखे नव्हते. बाईंनी दुधी मोजलेच नाहीत. त्यांनी साले चटणीसाठी बाजूला ठेवली, फोडी केल्या आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पातेले पुढे ओढले.

"बाई, डाळ? भाजी बागेची हवी, अशी अट आहे."

"दुधी बागेतलाच आहे. डाळ शेठच्या दुकानातली. त्यांना त्यांचीच डाळ चालणार नाही का?"

"ही फसवणूक झाली."

"न सांगता वाढलीस तर," बाई म्हणाल्या आणि फोडणीत मोहरी टाकली.

दुपारी गच्चीवरच पंगत बसली. वाढायला उभा राहताच शिष्याने सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "भाजीतली डाळ आमच्या बागेतली नाही. शेठच्या दुकानातून आणलीय."

"मग ती चांगलीच असणार," शेठ म्हणाले. "वाढ."

तो वाढत गेला. पळी हलकी पडू लागली. चटणी सगळ्यांनी मागून घेतली. तिच्यात शेठचेच तीळ होते. पंगतीच्या शेवटी पातेल्याचा तळ दिसला, आणि नेमके त्याच वेळी शेठनी ताट पुढे केले.

"आणखी जरा."

शिष्याने पातेले तिरके केले, पळीने कडा खरवडल्या आणि निघाले तेवढे सगळे शेठच्या ताटात वाढले. पळी पातेल्यात टाकताना खणखणीत आवाज झाला. सगळ्या पंगतीने तो ऐकला.

लोक हात धुऊन उभे राहिले. मग वाढणारे जेवायला बसले. बाई, आई आणि शिष्य. त्यांच्या ताटात पोळी होती, वरणभात होता, चटणी होती. भाजीची जागा रिकामी होती. शेठ रुमालाने हात पुसत समोर आले.

"काय रे, पुरली का?"

कुंड्यांच्या दिशेने पाहणेही शिष्याला जमेना. "पंगतीला पुरली," तो म्हणाला. "वाढणाऱ्यांना नाही पुरली."

शेठनी त्या तीन ताटांकडे पाहिले. "अट पंगतीची होती," ते म्हणाले. "राहू देत कुंड्या. पण विटांवर ठेव, खालून वारा लागू दे. आणि पाणी बेताने घाल. माझ्या दिवाणखान्यात भात लावायचा नाहीये."

आईने ओठांवर येणारे हसू पोळीच्या घासात दडवले.

सगळे पांगू लागल्यावर शिष्य मांडवाखाली गेला. पानांआड एक लहान दुधी राहून गेला होता. त्याने सवयीने देठाला हात घातला, मग थांबला.

"बाई, हा ठेवू?"

"पंगत उठली का?"

"उठली."

कोपऱ्यात पातळाची ती जुनी झोळी पडली होती. बाईंनी तिची एक बारीक पट्टी टरकन फाडली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती देठाला बांधली. या वेळी फोटो काढायचे त्याला सुचले नाही. जिना उतरता उतरता शेठ म्हणाले, "त्यातल्या चार बिया मला ठेव रे. गॅलरीत एक कुंडी बसते."

आपल्या भोवतीही झोळीतले दुधी पुष्कळ झुलत आहेत; पंगत मात्र अजून बसायची आहे.