भारोभार

“...ते सगळं खरं हो, आक्का. पण गोळ्या चालू ठेवू का बंद करू, तेवढं एक सांगा.”

आक्कांनी वर पाहिलं नाही. पितळेच्या पारड्याला चिंच चोळत होत्या, चोळत राहिल्या.

“आक्का...”

“ऐकतेय की. कान काय हातात आहेत माझे? बोल.”

चिंचखोऱ्याच्या टेकडीवर आक्कांचा मठ. मठ म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक समाधी, आणि ओट्यावर तुळईला टांगलेली ही भली थोरली तागडी. पोर मोठ्या दुखण्यातून उठलं की आईबाप इथं यायचे. एका पारड्यात पोर बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भारोभार गूळ ठेवायचा. गूळ गावात वाटला की नवस फिटला.

आणि विचारणाऱ्या विजयमालाबाई म्हणजे तालुक्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या व्हरांड्यात दिसल्या की मास्तरसुद्धा हातातला चहा खाली ठेवायचे. आज मात्र बाईंनी स्वतःचाच पदर बोटाला गुंडाळून गुंडाळून पार चुरगळून टाकला होता.

“किती दिवस झाले गोळ्यांना?”

“दोन महिने. पण गुण बघा ना, आक्का! पोरीचं बारा किलो वजन उतरलं. भात बंद केला, भाकरी अर्धी केली, पहाटे पळायला पाठवलं, काय काय म्हणून करायचं ठेवलं नाही. ढिम्म! आणि ही गोळी सुरू केली, आणि...”

“आणि?”

“आणि... छातीत धडधडतं म्हणते.”

हे बाई इतक्या हळू बोलल्या, की शाळेतल्या कुणाचा विश्वास बसला नसता.

“गोळीत काय आहे?”

“हर्बल आहे.”

“कोण म्हणालं?”

“पार्लरवाली.”

“आणि विकतं कोण?”

“...तीच.”

आक्कांनी पारडं कलतं करून दुसरी बाजू चोळायला घेतली.

डबी बाईंच्या पर्समध्येच होती. पांढरी डबी. वर नाव नाही, गाव नाही, आत पिवळ्या कॅप्सूल. शाळेच्या फाटकाबाहेर बर्फाचे गोळे विकणाऱ्याला याच बाईंनी हाकलून लावलं होतं. ‘कसलं पाणी, कसला रंग, कोण जाणे! लेकरांच्या पोटात जातं हे!’ म्हणत भर उन्हात फाटकापर्यंत गेल्या होत्या. आणि घरी रोज सकाळी उपाशीपोटी लेकीच्या तळहातावर पिवळी कॅप्सूल याच ठेवत होत्या. आता काय म्हणावं! दुसऱ्याच्या लेकरांच्या बाबतीत आपल्याला सगळं कळत असतं.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“रविवार झाला की दाखवते.”

“रविवारी काय आहे?”

“पाहुणे येतायत बघायला. चांगलं स्थळ आहे. मुलगा इंजिनिअर, एकुलता एक. फोटो बघून त्याची आत्या म्हणाली होती, मुलगी जरा भरलेली वाटते. आता ये म्हणावं आणि बघ! अजून चार किलो गेले ना, तर...”

“आज बुधवार. डॉक्टर आज बसतो.”

“तो बंद करा म्हणेल.”

“मग ठाऊक आहे की तुला.”

बाईंनी पदर बोटावरून सोडवला आणि पुन्हा गुंडाळला.

“ठाऊक आहे, तर मला कशाला विचारतेस?”

बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. “तुम्ही तरी बंद कर म्हणणार नाही, असं वाटलं. चारच दिवस राहिलेत हो. चार दिवसांत काय होतंय?”

अशीच त्या आठवडाभर स्वतःची समजूत घालत होत्या. लेकीच्या हातातली कपबशी वाजायची, तेव्हा म्हणायच्या, अभ्यासाचं टेन्शन असेल. फणीत केसांचा पुंजका निघायचा, तेव्हा म्हणायच्या, पाणी बदललंय. आणि आज टेकडीच्या चाळीस पायऱ्या चढताना लेक दोनदा खाली बसली. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, “चप्पल चावते का गं?” दुसऱ्यांदा “मी पुढं होते,” म्हणून सरळ वर निघून आल्या. कारण तिथं थांबलं असतं तर लेकीच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडं बघावं लागलं असतं.

“आई... आले मी.”

प्रांजल पायऱ्या संपवून ओट्याशी आली. बावीस वर्षांची पोर, एम.एस्सी.ला. ड्रेस जुन्याच मापाचा होता, खांद्यावरून घसरत होता. खांबाला धरून ती हसली.

आक्कांनी चिंचेचा हात लुगड्याला पुसला आणि तिचं मनगट धरलं.

बराच वेळ धरून ठेवलं.



बाई आक्कांच्या तोंडाकडं बघत होत्या. दवाखान्याच्या दारात बघावं तसं. आक्कांच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसेना.

“भूक लागते?”

“नाही, आक्का.”

“झोप?”

“नाही.”

“मग करतेस काय गं दिवसभर?”

“बारीक होतेय,” प्रांजल म्हणाली. थट्टेनंच म्हणाली बिचारी, पण हसायला तिला दम पुरला नाही.

आक्कांनी मनगट सोडलं. “चल. बस पारड्यात.”

खरं तर आज त्या आल्या होत्या नवस फेडायलाच. गोळ्यांचं आपलं जाता जाता विचारायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

नवस अठरा वर्षांपूर्वीचा. प्रांजल चार वर्षांची होती, मेंदूज्वर झाला. नऊ दिवस पोरीनं डोळा उघडला नाही. दहाव्या दिवशी विजयमालाबाई, तेव्हा नुसती विजू, भर उन्हात अनवाणी टेकडी चढून आली. समाधीवर डोकं आपटून म्हणाली, “माझी पोर द्या. दुसरं काही मागत नाही. तिच्या भारोभार गूळ वाहीन.”

पोर उठली. नवस मात्र राहिला.

एक वर्ष बदली आडवी आली, एक वर्ष सासूचं आजारपण. मग पोर अंगानं भरली. चौथीतली मुलं तिला नाही नाही ते बोलायची. तिला यात्रेच्या गर्दीत तागडीत बसवायचं, लोक ढेपा मोजणार, कुणीतरी मागून फिस्सकन हसणार... छे, छे! जरा बारीक झाली की फेडू. पुढच्या वर्षी बघू. देवाला कुठं घाई आहे! असं म्हणता म्हणता अठरा वर्षं गेली. यंदा स्थळं जमेनात, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “नवस राहिलाय गं, म्हणून अडतंय.” तसा बाईंनी हिवाळ्यात गूळ घेऊन मठात पोचता केला, पोरीच्या तेव्हाच्या वजनाचा. पण बसवायचा धीर पुन्हा होईना. आणि मग पार्लरवाली भेटली.

आज ओट्यावर चिटपाखरूही नव्हतं. चार माणसं बघायला हवी होती, असं बाईंना पहिल्यांदाच वाटून गेलं.

प्रांजल पारड्यात मांडी घालून बसली. दोन्ही हातांनी साखळी धरली. समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा आधीच रचलेल्या. आक्कांनी त्या पारड्याखालचा टेकूचा ओंडका काढला, तसं गुळाचं पारडं धपकन ओट्याला टेकलं आणि पोर वर गेली. अलगद गेली.

“काढ,” आक्का म्हणाल्या.

“मी?”

“मग कोण? गूळ तुझा, पोर तुझी. समान होईस्तोवर काढ.”

बाईंनी वरची ढेप उचलली. दोन किलोची. “खाली ठेवू?”

“देवाचा गूळ आहे, भुईला लावू नकोस. पदरात धर.”

दुसरी ढेप काढली. “चार झाले!” बाईंना खरंच आनंद झाला, खोटं कशाला सांगा. दोन महिन्यांची मेहनत आता डोळ्यांना दिसत होती. त्या मुलाच्या आत्याबाई इथं असायला हव्या होत्या!

तिसरी काढली. पारडं हललंही नाही.

“अजून,” आक्का म्हणाल्या.

चौथी काढली. आता पदर खांद्यावरून ओढला जात होता. आणि मघापासून कसला तरी बारीक आवाज येतोय, हे बाईंच्या ध्यानात आलं. खिळखिळ, खिळखिळ. वारा तर नव्हता. त्यांनी वर बघितलं.

साखळी वाजत होती. प्रांजलनं धरलेली.

“बाळे, घट्ट धर की गं.”

“घट्टच धरलीय, आई.”

बाईंचा हात पाचव्या ढेपेवर गेला आणि तिथंच थांबला. त्यांना आता मोजायचं नव्हतं. त्यांना काहीच नको होतं. कुणीतरी येऊन, झालं, पुरे, जा घरी, म्हणावं असं वाटत होतं.

“काढ,” आक्का म्हणाल्या.

पाचवी.

सहावी.

पारडं ओट्यापासून सुटलं. वर आलं. एक हेलकावा, दुसरा हेलकावा... आणि दोन्ही पारडी समोरासमोर थांबली.

“झालं,” बाई म्हणाल्या.

पदर फाटेल म्हणून त्यांनी दोन्ही हात खाली घातले आणि सगळं ओझं छातीशी धरलं. हे ओझं त्यांच्या हातांच्या ओळखीचं होतं. दवाखान्यातून पोर घरी आणली, तेव्हा रिक्षातून उतरून याच हातांवर आणली होती. नर्सनं जाताना वजन करून कागदावर लिहून दिलं होतं. बारा किलो.

तेवढं सगळं आता त्यांच्या पदरात होतं. आणि त्यांनीच ते एकेक करून काढलं होतं.

“आई... उतरू का? गरगरतंय.”

प्रांजलनं साखळी सोडून हात पुढं केला. बाई धावायला गेल्या. पण धरणार कशानं? दोन्ही हात गुंतलेले. भुईला लावायचं नाही. पारड्यात परत टाकावं तर पोर हिसक्यानं वर जाणार.

“आक्का! आक्का, हे कुठं ठेवू? तिला धरायचंय मला. लवकर सांगा, कुठं ठेवू हे?”

आक्का पोरीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या होत्या. एक हात तिच्या पाठीला होता, दुसऱ्या हातानं पारडं धरलं होतं. प्रांजलनं डोळे मिटून त्यांच्या अंगावर मान टाकली.

“आक्का, बोला ना हो!”

आक्कांनी बाईंच्या पदराकडं पाहिलं. मग बाईंकडं पाहिलं.

“त्या दिवशी अनवाणी आलीस, विजू,” आक्का म्हणाल्या, “तेव्हा किती किलोची पोर मागितली होतीस?”