पिटुकरावांचा वाटाणा

एक होता उंदीर. अंगठ्याएवढा. नाव त्याचं पिटुकराव. नाव मोठं आणि उंदीर छोटा.

एकदा काय झालं, मनूची आई सुपात वाटाणे पाखडत होती. सट् सट् सट्. त्यातला एक वाटाणा उडाला, टण्ण! पिटुकरावांनी तो पकडला, दारात ठेवला आणि मिशा पुसायला गेले. मिशा पुसल्याशिवाय ते जेवत नसत. परत येऊन बघतात तर वाटाणा गायब.

दारात बसली होती मनू. तीन वर्षांची, गालाला वरणभात लागलेला.

"मनू मनू, वाटाणा दे."

"दाकात गेला," मनू म्हणाली. "दिघत दाही."

नाक चोंदलं होतं ना, म्हणून बोलणं असं. वाटाणा नाकात मावतो का, हे तिला बघायचं होतं. मावला, आणि तिथेच बसला. मनूला रडू आलं. पिटुकरावांनाही आलं, कारण भूक फार लागली होती.

पिटुकराव निघाले. तुरुतुरु तुरुतुरु. आईकडे गेले.

"नाक वाटाणा सोडीना.
आई आई, मनूला दवाखान्यात ने."

आईनं मनूचं नाक पाहिलं. "अगं बाई! काडी नाही घालायची, पिन नाही घालायची, बोटसुद्धा नाही घालायचं. डॉक्टरीणबाईच काढतील. पण दवाखाना लांब. बाबानं स्कूटर काढली तर नेते."

पिटुकराव निघाले. तुरुतुरु तुरुतुरु. बाबाकडे गेले.

"नाक वाटाणा सोडीना,
आई दवाखान्यात नेईना.
बाबा बाबा, स्कूटर काढ."

बाबा खिसे चाचपत होता. "किल्लीवर बोका झोपलाय. हात लावला की ओरबाडतो. बोका उठला तर काढतो."

बोका! पिटुकराव दोन पावलं मागे सरकले. पण वाटाणा तो वाटाणा. ते फडताळावर चढले, अगदी वरच्या फळीवर, आणि तिथून बोलले. फार अदबीनं बोलले.

"नाक वाटाणा सोडीना,
आई दवाखान्यात नेईना,
बाबा स्कूटर काढीना.
बोकोबा बोकोबा, जरा उठा."

बोक्यानं एक डोळा उघडला. "मी फक्त दुधासाठी उठतो. ढवळीनं दूध दिलं तर उठीन." आणि डोळा मिटला.

पिटुकराव निघाले. तुरुतुरु तुरुतुरु. ढवळी गाईकडे गेले.

"नाक वाटाणा सोडीना,
आई दवाखान्यात नेईना,
बाबा स्कूटर काढीना,
बोका किल्लीवरून उठेना.
ढवळे ढवळे, दूध दे."

ढवळीनं कान फडफडवले. फट् फट्. "ऐकतोस ना? शेजारी हळद लागतेय, आणि तो कर्णा सकाळपासून ढँण् ढँण् ढँण्. माझे कान किटले. असल्या दणदणाटात दूध उतरत नाही रे बाबा. कर्णेवाल्या बारकूकाकानं आवाज कमी केला तर देते."

पिटुकराव निघाले. तुरुतुरु तुरुतुरु. हळदीच्या मांडवात गेले.

ढँण् ढँण् ढँण्! मांडव थरथरत होता. नवरीनं कानात बोटं घातली होती. पिटुकरावांनीही दोन्ही पंजांनी कान झाकले. बारकूकाका मात्र कर्ण्याला टेकून मजेत बसला होता. नाव बारकू, पोट हे एवढं. पिटुकराव त्याच्या पोटावर चढले, खांद्यावर चढले, आणि कानाशी ओरडले.

"नाक वाटाणा सोडीना,
आई दवाखान्यात नेईना,
बाबा स्कूटर काढीना,
बोका किल्लीवरून उठेना,
ढवळी दूध देईना.
बारकूकाका बारकूकाका, आवाज कमी कर."

काकाला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. रोज कर्ण्याला टेकून बसायचा ना, कान पार थकले होते. कमी ऐकू येतं म्हणून हा आवाज वाढवायचा, आणि आवाज वाढवला की आणखी कमी ऐकू यायचं. आहे की नाही शहाणा?

"आज आवाजच नाही बुवा," काका म्हणाला, आणि बटण आणखी फिरवलं.

ढँण् ढँण् ढँण् ढँण्!

आता मात्र पिटुकराव चिडले. इतके चिडले की शेपूट ताठ झालं. खांद्यावरून उडी मारली ती थेट बटणावर. बटणाला लोंबकळले. बटण फिरलं, गर्रर्र, आणि पिटुकराव पडले खाली, धप्प.

सगळीकडे शांत.

नवरीनं कानातली बोटं काढली. झाडावर एक चिमणी बोलली. काका इकडेतिकडे बघू लागला. "कानात गुंई गुंई होतंय," तो म्हणाला. "तिकडे कोण रडतंय?"

मनू रडत होती. इतका वेळ मांडवात कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

मग काय! आवाज थांबला, ढवळीनं दूध दिलं. दूध आलं, बोका उठला. बोका उठला, किल्ली मिळाली. किल्ली मिळाली, बाबानं स्कूटर काढली. स्कूटर निघाली, आईनं मनूला दवाखान्यात नेलं. फट् फट् फट् फट्. आईच्या पिशवीत पिटुकराव.

डॉक्टरीण मोमीनबाईंनी बॅटरी लावली. बारीक वाकडा चिमटा घेतला.

"मनूताई, तोंडानं श्वास घ्या. हलायचं नाही हं."

मनू हलली नाही. आईचा हात मात्र घट्ट धरला.

टुक्!

"निघाला," मनू म्हणाली. "नाकातून निघाला."

ऐकलंत? बोलणं कसं स्वच्छ झालं. आईनं तिचा मुका घेतला आणि नाक पुसलं.

पिटुकरावांनी पिशवीतून डोकं काढलं. "माझा वाटाणा."

बाईंनी वाटाणा धुतला, दोनदा धुतला, आणि त्यांना दिला. पिटुकराव बघतच राहिले. गेला होता वाळका, कडक. आला फुगून टपोरा, मऊ मऊ. नाकात ओला झाला होता ना.

पिटुकरावांनी आधी मिशा पुसल्या. मग खाल्ला. कुटुम कुटुम कुटुम.

"आता वाटाणा नाकात नाही," मनू म्हणाली. "कानात?"

"कानात नाही," पिटुकराव म्हणाले. "माझ्या पोटात."

आणि मोठ्ठी ढेकर दिली.