बोरवंडच्या भिंतीतल्या खिडक्या

बोरवंडला आलेला माणूस आधी धरण बघतो, मग टेकाईच्या टेकडीवर जातो आणि शनिवार असला तर बाजारात गरम भजी खाऊन परतीला लागतो. पण गावातला कुणी जाणता बरोबर असेल तर तो पाहुण्यांना कोष्टी आळीत आणल्याशिवाय सोडत नाही. आळी लहान. घराला घर चिकटलेले, दोन घरांत एकच सामाईक भिंत, आणि अशा प्रत्येक भिंतीत छातीच्या उंचीवर एक खिडकी. ती ना रस्त्याकडे उघडते ना परसात. उघडते ती सरळ शेजारणीच्या स्वयंपाकघरात. शहरातले पाहुणे हसतात, विचारतात, इथे कुणाचे काही झाकून राहते की नाही. मग त्यांना ओट्यावर बसवून ठकूबाईची हकिगत सांगावी लागते.

आळीत घरोघरी हातमाग खटखटत होते तेव्हाची ही गोष्ट. ठकूबाई एकटी, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. हाताने चलाख आणि कानाने त्याहून. भिंतीपलीकडे बयजाबाईचे घर. तिथे कोण आले, कोण रुसले, कुणी भाकरी अर्धी टाकून उठले, सगळे ठकूला बसल्या जागी कळायचे म्हणे.

दोघींचे बिनसले ते खळीवरून. सुताला लावून उरलेली आंबूस खळ बयजाने माझ्या पायरीशी ओतली, असे ठकूचे म्हणणे. पायरीच माझ्या जागेत घुसली आहे, असे बयजाचे. शब्दाला शब्द लागला आणि दोघी तावातावाने टेकाई देवीपुढे शपथ घेऊन आल्या. जी दुसरीचा उंबरा ओलांडील, तिच्या घरात माग चालणार नाही. कोष्ट्याच्या घरात याहून मोठी शपथ नाही.

तेव्हापासून अबोला. म्हणजे बोलायचे सगळे, पण मांजरीशी. ठकू मोठ्याने म्हणायची, "मने, सातव्या महिन्यात सुनेला जात्यावर बसवतात गं लोक." पलीकडून बयजा हंड्याला सांगायची, "काहींना आपल्या चुलीपेक्षा दुसऱ्याची चूल बघायची हौस."

त्या वर्षी भाद्रपदात सुकी नदी फुगली. पाणी आळीत शिरले, विणताना पाय सोडून बसायचे मागांचे खड्डे भरले, चुली बुडाल्या. लोक गुरेढोरे घेऊन टेकडीवर गेले. बयजाला हलता येईना, कारण तिची सून चिमा कळा देत होती, आणि सुईण आणायला गेलेला मुलगा नदीपलीकडेच अडकला होता. ठकूला जाता येत होते, तरी ती राहिली. घर सोडवत नाही, असे तिने सांगितले. आळीतले म्हणतात, पलीकडे मुलगा होतो की मुलगी हे कळल्याशिवाय ती हलणार कशी?

दुपार कलता कलता चिमा बाळंत झाली. मुलगी झाली. भिंतीला कान लावून उभ्या असलेल्या ठकूने पहिले रडणे ऐकले आणि तिला हसू आले. पण मग ते रडणे बारीक होत गेले. ठकूने वास घेतला. पलीकडून धूर येत नव्हता. म्हणजे बाळाला शेक नाही, बाळंतिणीला ऊन पाणी नाही. बयजाकडे चकमक असून उपयोग नव्हता, घरातला कापूस भिजून लगदा झाला होता. साऱ्या आळीत विस्तव उरला होता तो एकट्या ठकूकडे. तिला वाकवत नसे म्हणून तिची चूल उंच ओट्यावर होती.

पलीकडे आवाज अजिबात थांबला. तेव्हा ठकू मांजरीशी बोलली नाही.

"बयजे, पोर गप का झाली?"

भिंतीतून बयजाचा आवाज आला, "गार पडत चाललीये गं."

ठकूने कोपऱ्यातली पहार उचलली. पहिला घाव बसला तशी बयजा घाबरली. "वेडी झालीस का? तुझ्या घराचं आढं या भिंतीवर आहे. घर येईल अंगावर."

"ठाऊक आहे मला. भिंत निम्मी तुझीही आहे, तिकडून तू खण."

एकीकडून पहार, दुसरीकडून उलथणे. ओली माती ढासळत होती, वर आढे करकरत होते. भोक पडल्याबरोबर ठकूने खापरातून निखारे दिले. मग हात पुढे केले आणि बाळ घेतले, कारण कोरडी जागा तिच्याच चुलीपाशी होती. गुंडाळायला कोरडे काही दिसेना, तेव्हा तिने मागावर पाण्याच्या वर ताणलेले अर्धे विणलेले लुगडे कापले. वर्षभराचे तिचे काम होते ते. त्यात पोर गुंडाळून ती चुलीपुढे बसली, तळपाय चोळत राहिली. दिवे लागायच्या वेळेला पोरीने टाहो फोडला, तो टेकडीवर ऐकू गेला असे सांगतात.

पूर ओसरल्यावर लोक उतरले तर आळीतली भिंत न् भिंत बसलेली. उभी होती ती एकच, भोक पाडलेली. त्यामुळे नवी घरे बांधताना प्रत्येकाने सामाईक भिंतीत खिडकी ठेवली.

दोघींनी शपथ मात्र मोडली नाही. मरेपर्यंत एकीने दुसरीचा उंबरा ओलांडला नाही, आणि दोन्ही घरांतले माग चालत राहिले. त्या खिडकीतून मीठ गेले, कालवण आले, भांडणेही पुष्कळ झाली. ती पोर मात्र दिवसभर खिडकीतूनच इकडून तिकडे उड्या मारायची.

आता माग गेले, घरोघरी गॅस आला. आजही कोष्टी आळीत बाळ दवाखान्यातून घरी आले की देवापुढे नेण्याआधी ते खिडकीतून शेजारणीच्या हाती देतात. शेजारीण त्याचे तळपाय मुठीत धरते. घरांमध्ये जागेचा वाद असो, कोर्टात तारखा चालू असोत, एकमेकींचे तोंड बघणे बंद असो, तिला तेवढे दोन शब्द बोलावेच लागतात.

"गरम आहे," ती म्हणते. मग बाळ आईकडे जाते.