वाढता देव

"मग ही वाढ खोटी आहे, असे आपले म्हणणे आहे काय?"

डॉक्टर मोहरील यांनी हे उंबरठ्यावरूनच विचारले. गाभाऱ्यात केवळनाथ महाराज समईची वात सारीत बसले होते. त्यांनी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.

"मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाल, असे वाटले."

"बरे… आत या. बाहेर धूळ फार आहे."

डॉक्टर मोहरील अर्थशास्त्री होते. एखाद्या तालुक्याचे उत्पादन किती वाढले, हे ठरविण्याची एक रीत त्यांनी बसविली होती आणि सरकारने ती मान्य केली होती. त्या रीतीप्रमाणे हा कोळशाच्या खाणीचा तालुका राज्यात पहिला आला होता. येथे दुसरी खाण उघडावी की नाही, याविषयी त्यांच्या समितीला उद्या सकाळी मत द्यायचे होते, आणि समितीचे मत म्हणजे डॉक्टरांचेच मत, हे सर्वांना ठाऊक होते. नव्या खाणीचे तोंड देवाच्या याच टेकडीखाली उघडणार होते.

टेकडी पाहून येण्याची आज्ञा त्यांना कोणी केली नव्हती. ते आपण होऊन आले होते.

येताना गाव लागले. रस्ता गुळगुळीत, घरे पक्की, प्रत्येक गल्लीत विजेचा खांब. दुपार पुरती ढळलीही नव्हती, तरी खांबांवरचे सगळे दिवे जळत होते. एकाही दाराला कडी काढलेली नव्हती. तुळशी वृंदावनातच वाळून उभ्या होत्या. कोठे कुत्रेही भुंकले नाही.

टेकडीवर मात्र देवळाच्या पायऱ्यांवर पायताणांची दाटी होती. वहाणा, चपला, बूट, लहान मुलांचे सँडल. सारे गाव येथेच आले आहे, असे समजून डॉक्टरांना हायसे वाटले. त्यांनी आपले बूट त्यांतच एका बाजूस काढून ठेवले.

आत दोनच माणसे होती. महाराज, आणि देवाला तेल घालणारी म्हातारी कोंडाबाई.

डॉक्टर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "एवढी मंडळी कुठे आहेत?"

"कोणती?"

"बाहेर पायताणे आहेत ना…"

"हो. ती त्यांचीच."

पुढचे कोंडाबाईने सांगितले. पहिली खाण आली तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या ते पैसे घेऊन शहरांकडे पांगले. मग पाणी गेले, आणि उरलेले निघाले. जो निघे तो आपला एक जोड देवाच्या पायरीवर ठेवून जाई. वर्षाकाठी देवाची मोजणी होते, तेव्हा ऐकायला आपले पाय तरी येथे असावेत, एवढीच त्यांची इच्छा. जे शहरात गेले त्यांचे जोड होते, आणि जे मसणात गेले त्यांचेही होते.

"आज मोजणीच हाये जी," ती म्हणाली. "बरे आले तुम्ही."

त्या देवाला उमाळ्याचा देव म्हणत. टेकडीच्या पोटातून पाण्याचा एक उमाळा फुटत असे आणि त्याच्या तोंडाशी हा स्वयंभू तांदळा, नाकाडोळ्यांची आपसूक खूण असलेला अनघड पाषाण, प्रकट झाला, अशी श्रद्धा होती. मूळचा देव ओंजळीत मावेल एवढा. आता तो बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत आला होता. शेंदराने माखलेला, अंगाने फुगलेला, आणि त्यावर चांदीचे दोन डोळे एकमेकांपासून फार दूर बसविलेले.

देव दरवर्षी वाढतो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेस त्याच्याभोवती कापसाचा दोरा फिरवून वाढ मोजायची, आणि मोजणाऱ्याने उंबरठ्यावर उभे राहून ती मोठ्याने सांगायची, असा परिपाठ होता. मोजणारा हात मात्र परक्याचा हवा. गावकऱ्याच्या हातून भक्तीपोटी दोरा सैल सुटेल, ही जुन्यांची भीती.

डॉक्टर प्रथमच हसले. "हे तर माझेच काम झाले."

"म्हणूनच म्हटले, आत या," महाराज म्हणाले.

दोरा देवापाशी ठेवला होता, पण महाराजांनी तो उचलला नाही. उलट त्यांनीच विचारले की, आपण मोजता ते कसे? डॉक्टरांनी न कंटाळता समजावून सांगितले. वर्षभरात जे निर्माण झाले आणि ज्याला किंमत मिळाली, त्या साऱ्याची बेरीज. कोळसा, वीज, घरे, गाड्यांच्या खेपा, वैद्यांची सेवा, सरकारचा खर्च. ही बेरीज गेल्या वर्षीपेक्षा जेवढी अधिक, तेवढी वाढ.

"उमाळ्याचे पाणी त्या बेरजेत होते काय?"

"नाही. ते कोणी विकत नव्हते."

"आता उमाळा आटला. खाणीच्या उपशाने."

"ठाऊक आहे. आता टँकर येतो."

"टँकर बेरजेत आहे?"

"…आहे."

"म्हणजे पाणी वाढले."

"पाणी नव्हे, महाराज. उत्पादन."

कोंडाबाई पदराआड हसली. "घ्या. अन् मी रिकामी घागर घेऊन बसली."

डॉक्टर रागावले नाहीत. पण त्यांचा आवाज खाली आला.

"महाराज, या बेरजेत काय सुटते, हे मला कळत नाही असे समजू नका. आमच्या गावी रस्ता नव्हता. माझी थोरली बहीण बाळंतपणात अडली. बैलगाडी नदीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. ताई गाडीतच गेली. पुढे ज्या ज्या जिल्ह्यात उत्पादन वाढले, त्या त्या जिल्ह्यात रस्ता आला, दवाखाना आला, बहिणी वाचल्या. हे मी स्वतः तपासले आहे. मी त्या आकड्याची सेवा करतो ती उगीच नाही."

महाराजांनी हात जोडले. त्या अपरिचित मृत स्त्रीला की त्या सेवेला, हे त्यांनी सांगितले नाही.

"खरे आहे," ते म्हणाले.

कोंडाबाईला खोकला आला. तो लवकर थांबेना.

"दवाखाना इथेही झाला असेल ना?" डॉक्टरांनी विचारले.

"मोठा झाला जी. खाणीच्या मजुरांनी नेहमी भरला असते." तिने पदराने तोंड पुसले. पदरावर काळा डाग उमटला.

मग डॉक्टर देवाकडे वळले. म्हणाले, "पाषाण वाढत नाही. हा कसा वाढतो?"

"नवसाने."

महाराजांनी ते संथपणे सांगितले. संकट आले की माणूस देवाला शेंदूर बोलतो. संकट टळले तर शेंदराचा लेप देतो. न टळले तर पुढचे टळावे म्हणून देतो. पटकीच्या साथीत देव वाढला. उमाळा आटला त्या साली फार वाढला. आणि खाणीचे छत बसून माणसे आत राहिली, त्या वर्षी तर चांदीचे डोळे बुडू लागले. ते उपटून नव्या लेपावर पुन्हा बसवावे लागले.

"म्हणजे ही वाढ देवाची नव्हे," डॉक्टर म्हणाले. "गावाच्या दुःखाची आहे."

"दोरा तसे सांगत नाही. दोरा म्हणतो, वाढला."

"आणि ज्या वर्षी संकट आले नाही?"

"असे एक वर्ष आले होते…"

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. कोणी आजारी पडले नाही. कोणी नवस बोलले नाही. उन्हाळ्यात थोडा शेंदूर तडकून गळाला आणि दोरा आखूड भरला.

"मग?"

"मग लोक घाबरले. देव कोपला म्हणाले. सभा भरली. पुढच्या मोजणीआधी प्रत्येक घराने एकेक लेप द्यावा, असे ठरले. ज्यांची ऐपत नाही त्यांना देवस्थानाने शेंदूर पुरवावा."

"उपाय लागू पडला?"

"तत्काळ. त्यानंतर दोरा कधी आखूड भरला नाही. गाव पांगले, तरी लेपाचे पैसे शहरांतून येतात."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मागे एकदा राज्याच्या वाढीचा दर घसरला होता. मागणी मंदावली असता शासनाने स्वतः खर्च करावा आणि ज्यांच्यापाशी नाही त्यांच्या हाती पैसा द्यावा, असा सल्ला तेव्हा त्यांनीच लिहून दिला होता. तो योग्य होता. उपाशी घरांत त्याने चूल पेटली होती, हेही त्यांनी पाहिले होते. तरीही या क्षणी त्यांना त्या चांदीच्या डोळ्यांकडे पाहवेना.

"आपण हे थांबविले का नाही?"

"लेप मीच देत असे," महाराज म्हणाले. "हात त्यांचे थरथरत…"

सूर्य मावळला. गाभाऱ्यात समईचाच उजेड उरला.

महाराजांनी दोरा पुढे केला. गेल्या वर्षीच्या मापावर त्यात एक गाठ होती. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी देवाला दोन्ही हातांनी वेढले. शेंदूर थंड असेल, असे त्यांना वाटले होते. तो कोमट होता, आणि बोटाखाली किंचित दबत होता.

ते दचकून मागे सरले.

"भिऊ नका साहेब," कोंडाबाई म्हणाली. "इतक्या वर्षांत कोणाले चावला नाही."

त्यांनी दोरा पुन्हा फिरविला. ओढून धरला. माप गाठीच्या पुढे गेले होते.

"वाढला," ते स्वतःशीच म्हणाले.

मग, का ते त्यांनाही कळले नाही, त्यांनी देवाच्या अंगावर बोटाने टकटक केली.

आतून पोकळ आवाज आला.

त्यांनी महाराजांकडे पाहिले. महाराज डोळे मिटून नाम घेत होते.

त्यांनी कान लावला. आत काहीच नव्हते. एखाद्या खोल विहिरीत वाकून ऐकावे, तसे ते काहीच नसणे ऐकू येत होते.

त्याच वेळी खाणीत संध्याकाळचा सुरुंग उडाला.

जमीन हलली. देवळातल्या घंटा कोणी न स्पर्शता वाजू लागल्या. त्या थांबायच्या आत देवाच्या मस्तकापासून तळापर्यंत एक चीर गेली, आणि शेंदराचे ते जाड कवच दुभंगून पुढचा अर्धा भाग सावकाश कलला. तो फुटला नाही. समईशेजारी भिंतीला टेकून, आतली बाजू वर करून राहिला.

आसनावर देव नव्हता. करड्या भुकटीची लहानशी रास होती. सुरुंगांच्या रोजच्या हादऱ्यांनी तो पाषाण आतल्या आत विरून गेला होता.

"केव्हा झाले हे?" डॉक्टरांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"ठाऊक नाही. दोरा बाहेरून फिरतो."

महाराजांनी तबकातले फूल घेतले आणि रोज वाहत असावेत तसे त्या राशीवर वाहिले.

डॉक्टर उठले. उठताना त्यांची दृष्टी कवचाच्या आतल्या बाजूवर गेली.

शेंदराचा पहिला लेप मूळ मुखावर बसला होता. ते मुख आता नव्हते. त्याचा ठसा होता. लहान, शांत, आणि उलटा. नाक आत गेलेले, डोळे आत गेलेले. पण समईच्या उजेडात तो खोलगट चेहरा वर आल्यासारखा दिसत होता.

डॉक्टर डावीकडे सरले. चेहरा त्यांच्याबरोबर डावीकडे वळला.

ते उजवीकडे आले. चेहरा उजवीकडे आला.

ते जागच्या जागी थांबले… तोही थांबला.

कोंडाबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि त्या पोकळीला दंडवत घातले.

"महाराज," डॉक्टर म्हणाले, "उद्या मला मत द्यायचे आहे."

"आधी आजचे सांगायचे आहे. परिपाठ आहे."

दोरा अजून त्यांच्या मुठीत होता. गाठीच्या पुढचे टोक बोटांमधून लोंबत होते. माप खरे होते. ते त्यांनी स्वतःच्या हाताने घेतले होते, आणि दोरा सैल सोडला नव्हता.

ते उंबरठ्यावर जाऊन उभे राहिले.

खाली गावात सारे दिवे जळत होते. पायऱ्यांवर पायताणे होती, टाचा बाहेर आणि बोटे देवाकडे. सुरुंगाची धूळ नुकतीच येऊन बसली होती. जोड न् जोड एकसारखा काळा झाला होता. कोठेही श्वास नव्हता, पण सभा भरली म्हणजे पडते तशी शांतता पडली होती.

डॉक्टरांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. मग ते मिटून पायऱ्यांकडे पाहिले.

त्यांनी आपले बूट शोधले. एका बाजूस ठेवले होते, हे त्यांना आठवत होते. कोणत्या बाजूस, ते आठवेना. ते एक पायरी उतरले, वाकले, एका जोडावरची धूळ पुसली. तो त्यांचा नव्हता. दुसऱ्यावरची पुसली. तो लहान मुलाचा होता.

ते तसेच वाकून राहिले.

मागून महाराजांचा आवाज आला. त्यात राग नव्हता. रोज आरतीला बोलवावे, तसा तो होता.

"सांगा, डॉक्टर. देव वाढला म्हणून सांगा… आणि मग त्यांच्यात उभे राहून तुम्हीही ऐका."